न्हाणीचं पाणी

सदलग्यातली निम्मी पोरं अंबूबाईच्या पायांवर न्हायलेली. पाणी बाळाला सोसंल का, हे तिचं कोपर सांगायचं. वीज प्रकल्पाचा पाइप दूधगंगेत जिथं उघडतो, तिथं आज तिनं ते कोपर बुडवलं. पाणी बाळाच्या न्हाणीएवढं ऊन होतं आणि काठाला माशांची मेलेली पिलं साचली होती.

"यंत्रं गार करून आलेलं पाणी आहे, आक्का," प्रकल्पाचे इंजिनिअर राघवेंद्र म्हणाले. "विष नाही की औषध नाही. नुसतं कोमट. तुम्ही बाळांना असंच घालता की!"

"व्हय, घालते. पण घटकाभर. मग दुपट्यात गुंडाळून आईजवळ देते. ह्या पिलास्नी कोण भाईर काढतंय?"

"गार करायला तळं बांधावं लागेल. वर विचारतो."

"इचारा. तवर मी हितंच हाय."

अंबूबाईनं पदर खोचला आणि पाइपच्या तोंडासमोर कमरेएवढ्या पाण्यात पाय रोवले. मागोमाग काठावर जमलेल्या गावातल्या बायका उतरल्या.

राघवेंद्र घाबरले. "आक्का, बाहेर या! भोवळ येईल!"

"का? कोमट हाय न्हवं?" अंबूबाई कडाडली. "तुमीबी या की सायेब. आंघोळीला न्हवं, ऱ्हायला!"