साडूच्या पायाचं कलबूत

वाकड्या पायाला बाजारातला बूट बसत नाही. अशा पायासाठी आधी लाकडाचा हुबेहूब पाय कोरावा लागतो. त्याला कलबूत म्हणतात, आणि बूट त्यावर शिवतात. थोरल्या साडूचा कारखाना अशी कलबुतं कोरण्याचा. कोरणारं यंत्र त्यानं भंगारातून आणलं होतं. त्याला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा ड्रायव्हर मात्र लिहिला धाकट्या साडूनं, डोळे फुटेस्तोवर बसून. यंत्र चालू लागलं आणि थोरल्यानं गोड बोलून धाकट्याला दाराबाहेर काढलं. भिंतीवर चौकट लागली, "संकल्पना व निर्मिती", आणि खाली थोरल्याचा हसरा फोटो.

तेव्हापासून धाकट्यानं डूख धरला होता.

"अहो, सोडा ना आता," बायको म्हणायची. "ताईच्या तोंडाकडे बघून तरी."

"ताईच्या तोंडाकडे बघूनच गप्प आहे. तिच्या नवऱ्याचं तोंड दिसलं की हात शिवशिवतात."

मग एक दिवस ताईचाच फोन आला. थोरल्यानं कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर बदलले होते, त्यांवर सिस्टीमही वेगळी. जुना प्रोग्रॅम तिच्यावर चालावा म्हणून मधे एक कम्पॅटिबिलिटी लेयर घातला होता. तो म्हणजे दुभाष्याच. प्रोग्रॅम जुन्या भाषेत मागणार, हा नव्या भाषेत सांगणार. प्रोग्रॅम झकास उघडला, यंत्र मात्र ढिम्म. हलणार कसं? दुभाष्याला पाठ होतं ते चारचौघांचं बोलणं. धाकट्यानं घरी बसून घडवलेल्या ड्रायव्हरची बोली त्याच्या कानावरच आली नव्हती.

धाकट्यानं ड्रायव्हर लिहिताना चाचणीला वापरलेलं यंत्राचं जुनं सर्किट-कार्ड माळ्यावरून काढलं आणि दुभाष्याला ती बोली शिकवणारा छोटासा पूल लिहिला. तो पेन ड्राइव्हवर घातला. पेन ड्राइव्ह लावलेला आहे तोवरच पूल उभा, अशी मेख मुद्दाम मारून ठेवली.

"आता धरतील नाक मुठीत," तो बायकोला म्हणाला.

पण तो कारखान्यात पोचला तेव्हा थोरल्याचं नाक चांगलं वर होतं.

"या या, साडूभाऊ! उगीच पायपीट केलीस रे. आमच्या इंजिनिअरनं सकाळीच जमवलं. आता बस कोपऱ्यात, चहा घे. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई ऑर्डर देण्याआधी यंत्र बघायला येताहेत. तू आपलं ते किचकट काही बोलू नकोस."

इंजिनिअरला कारखान्यात होयबा म्हणत. साहेबांना नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. धाकट्यानं त्याच्या खुर्चीमागून पडद्यावर नजर टाकली आणि त्याच्या ध्यानात आलं. पडद्यावर चुका येत होत्या म्हणून होयबानं दुभाष्याच्या पोटात एक खोटा ड्रायव्हर बसवला होता, आपल्यासारखाच. प्रोग्रॅमनं विचारावं, यंत्र आहे का? आहे. पातं फिरतंय का? फिरतंय. कोरून झालं का? झालं. यंत्राला कुणी विचारतच नव्हतं.

"एखादं कलबूत कोरून बघितलंत?" धाकट्यानं हळूच विचारलं.

"सगळीकडे ओके येतंय ना, काका. आणखी काय हवं?"

धाकट्याच्या जिभेवर शब्द आला होता. तो त्यानं चहाबरोबर गिळला. इतका गोड चहा त्यानं आयुष्यात प्यायला नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या. थोरल्यानं आपल्याच पायाच्या मापाची फाईल उघडली. अंगठ्याजवळ टेंगूळ असलेला तो पाय पहिल्यापासून चाचणीचा पाय होता. काचेपलीकडे धूळ ओढणारा पंखा घोंघावत होता, त्यात यंत्राचा आवाज ऐकू येणारच नव्हता. पडद्यावरची हिरवी पट्टी सरसर भरली. "कलबूत तयार."

थोरल्यानं मोठ्या ऐटीत यंत्राचं झाकण उचललं. आत लाकडाचा ठोकळा होता. जसा ठेवला तसा, चौकोनी.

"हा कुणाचा पाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "टेबलाचा?"

थोरला लालबुंद झाला. "ड्रायव्हरच टाकाऊ आहे, बाई! ह्यानं लिहिलाय, ह्या माझ्या साडूनं. पहिल्यापासून सगळं ह्यानंच केलंय. मला यातलं ओ का ठो कळत नाही!"

धाकट्यानं कप खाली ठेवला. हेच वाक्य ऐकायला तो इतकी वर्षं जळत होता.

"पुन्हा म्हणा."

"काय?"

"जरा मोठ्यानं. पंख्याच्या आवाजात बाईंना ऐकू गेलं नसेल."

"सगळं... ह्यानंच केलंय," थोरला पुटपुटला. बाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

धाकट्यानं होयबाचा खोटा ड्रायव्हर काढून टाकला आणि पेन ड्राइव्ह लावला. यंत्र कण्हलं, पातं फिरलं, लाकडाचा वास सुटला. ढलप्यांतून सावकाश टाच आली, मग टेंगूळ. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "हे असं हवंय मला."

"मग माझ्याकडे या." धाकट्यानं पेन ड्राइव्ह उपसून खिशात घातला आणि लाकडी पाय काखेत मारला.

"अरे, तो ठेव! साडू ना तू माझा?" थोरला मागे धावला. "यंत्र माझं आहे!"

"आहेच की. यंत्रं भंगारात आणखी मिळतात, साडूभाऊ. ड्रायव्हर मिळत नाहीत. तुमच्यापाशी होयबा आहेच."

घरी येऊन त्यानं तो पाय दार लागू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवला. वाऱ्यानं दार येऊन टेंगळावर आपटलं.

"अगंबाई, भाऊजींचा पाय!" बायको म्हणाली. "ताई आली तर?"

"ताई आली तर उचल."

"आणि भाऊजी आले तर?"

"तर दार जरा जोरात लाव."