दारामागची पाटी

मी दारामागची पाटी बोलतेय. पोलीस चौकीतल्या चौकशीच्या खोलीत, दारालगतच्या भिंतीवर माझी जागा. दार दिवसभर सताड उघडं, त्यामुळे माझ्या नाकासमोर नुसतं लाकूड.

एका पेंटरनं मला रंगवलं. निळा पत्रा, पांढरी अक्षरं: अठरा वर्षांखालच्या मुलाला पालक किंवा वकील जवळ असल्याशिवाय प्रश्न विचारू नयेत. त्याला गप्प राहण्याचा हक्क आहे. धाक दाखवून त्याची सही घेऊ नये. शेवटची ओळ मावेना, तेव्हा त्यानं ती दाटीवाटीनं बसवली आणि म्हणाला, "वाचतंय कोण!"

चौकीची तपासणी होती म्हणून मला घाईघाईनं ठोकलं. नव्याचे नऊ दिवसही माझ्या वाट्याला आले नाहीत. मी दाखवायचे दात, तेही दाराआड.

कुणाला दटावायचं असलं की दार लागतं आणि मी दिसते. पण समोरची पोरं मान खाली घालून बसलेली. एकानं धाकानं सही केली ती माझ्यादेखत. त्याची लाज मला अजून वाटते.

मग ती आली. चौदा वर्षांची, शिवणवर्गात कुणाची तरी सोन्याची साखळी चोरल्याचा आळ. तिला वाढवणारी मावशी बाहेर बाकावर. साहेबांनी दार लावलं, लिहून ठेवलेला कबुलीचा कागद पुढं सरकवला.

"सही कर आणि घरी जा. मावशीला कशाला ताटकळत ठेवतेस?"

"मी नाही घेतली, साहेब."

"सही कर म्हटलं ना!"

तिनं पेन उचललं. रडू आवरायला मान वर केली, आणि तिचे ओठ हलायला लागले.

"काय पुटपुटतेस?"

"वाचतेय." तिनं मला मोठ्यानं वाचलं, दाटीच्या ओळीत दोनदा अडखळली. मग पेन खाली ठेवलं. "मावशीला आत बोलवा. तोवर मी बोलणार नाही."

साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, पण उठून दार उघडलं.

मावशीला अक्षरओळख नव्हती. "कुठं लिहिलंय गं?" पोरीनं दार लोटून मला दाखवलं. मावशीनं तीनदा वाचायला लावलं.

"कळलं ना आता, मावशी?"

"कळलं गं. पाठ करतेय. गल्लीत पोरं पुष्कळ आहेत."

त्या दिवशी कागद कोराच राहिला, सहीपुरता. दोघी घरी गेल्या.

आता माझा एक खिळा निखळलाय, कडेला गंज चढलाय. एकच मागणं आहे. मला वाचायला तुमच्या लेकरांवर त्या खुर्चीत बसायची वेळ आणू नका. घरीच सांगून ठेवा.