डावीकडून चौथी

वाळूजच्या कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं सूर्यभानच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं, उजेडात तिरकं धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "सूर्यभान त्रिंबक. काम, गुलाम."

मग मान वर करून त्यानं अगदी भाबडेपणानं विचारलं, "कुणाचा?"

वॉचमनच्या मनात काही खोट नव्हती. बिडकीनकडचा नवा भरती झालेला माणूस. आत जाणाऱ्याचं नाव आणि काम वाचून वहीत उतरवायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. पण मागं पहिल्या पाळीच्या पोरींची रांग उभी होती आणि त्यातली एक फिसकन हसली. तिच्या पुढं उभी असलेली अंबिका मात्र हसली नाही. अंबिका ही सूर्यभानची थोरली मुलगी. सहा महिन्यांपासून ती याच कारखान्यात स्कूटरच्या वायरी जोडत होती. पिशोरच्या त्यांच्या भावकीत मेंढरांमागं न जाता भोंग्यावर कामाला जाणारी ती पहिलीच पोर. तिनं एकदा बापाकडं पाहिलं आणि मग आपल्या चपलांकडं पाहत राहिली.

आता हा गुलाम कुठून आला ते सांगायला हवं. पैठण गेटजवळ वैजनाथरावांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी आणि वाळूज-चिकलठाण्याला नव्या नव्या शेड उभ्या राहायला लागल्यापासून कारखान्यांची उद्घाटनं, अशी त्यांची कामं. मोठ्या फोटोला दोन फ्लॅश लागतात. एक कॅमेऱ्यावर, तो वैजनाथरावांच्या हातात. दुसरा लांब बाजूला, बांबूच्या टोकाला बांधलेला, तो सूर्यभानच्या हातात. दोघांत वायर नसते. दुसऱ्याला हरभऱ्याएवढा काचेचा डोळा असतो. पहिल्याचा उजेड त्या डोळ्यात गेला की दुसरा आपोआप चमकतो. परदेशी खोक्यांवरच पहिल्याला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह असं छापलेलं यायचं. शहागंजातल्या जुन्या उस्तादांनी त्याचं मालक आणि गुलाम केलं आणि पुढच्या सगळ्यांनी तेच चालवलं. होता होता तो फ्लॅश धरणाऱ्या माणसालाही गुलामच म्हणायला लागले. "आज गुलाम कोण आहे?" असं भर मांडवात विचारलं जायचं आणि सूर्यभान "मी हाय" म्हणून हात वर करायचा. पंधरा वर्षं त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, वाटलं होतं की नव्हतं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

कारखान्यांनी फोटोवाल्यांना ओळखपत्राची सक्ती केली तेव्हा छायाचित्रकारांच्या संघटनेनं छापील अर्ज वाटले. वैजनाथरावांनी दोन्ही अर्ज एका बैठकीत भरले. स्वतःच्या नावापुढं लिहिलं छायाचित्रकार, सूर्यभानच्या नावापुढं लिहिलं गुलाम, आणि जेवायला गेले. त्यांच्या डोक्यात वाईट काही नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं म्हणा ना.

फाटकावर सूर्यभाननं बांबू भिंतीला टेकवला. "मालक, तुमी जा आत. मी इथं बसतो," तो म्हणाला. वैजनाथरावांना मालक म्हणायची त्याची जुनी सवय. आपल्याकडं सगळेच म्हणतात.

वैजनाथरावांना आधी वाटलं, याचा गुडघा धरला असेल. मग लक्षात आलं तशी त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात समजावलं, "अरे, ते मशीनचं नाव आहे. तुझं नाही."

"मंग मशीनच्या गळ्यात घाला," सूर्यभान म्हणाला. त्यानं ओळखपत्र काढलं, फ्लॅशला अडकवलं आणि वॉचमनच्या बाकावर जाऊन बसला. आवाज चढवला नाही की काही नाही. पंधरा वर्षांत त्यानं पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

आत नव्या शेडचं उद्घाटन होतं. वैजनाथरावांनी बांबू डाव्या टोकाच्या एका खुर्चीच्या पाठीला सुतळीनं बांधला. दोनशे कामगार, मधोमध मुंबईचे मोठे साहेब. साहेबांना घाई, त्यामुळं तीनच फोटो काढता आले. पाहुण्यांपैकी पाच-सहा जण आपापले छोटे कॅमेरे घेऊन शेजारी उभे होते आणि तेही उडवत होते. दुसरा फ्लॅश सारखा चमकत होता. वैजनाथराव मनाशी म्हणाले, चला, माणसावाचून काही अडलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत फोटो पाण्यातून वर काढला तेव्हा काय अडलं ते कळलं. साहेबांचे दात मोजता यावेत इतकी उजवी बाजू आणि मधला भाग लख्ख. डावीकडचे पन्नास-साठ जण काळोखात. तिन्ही फोटोंत तीच तऱ्हा.

वैजनाथराव चिडायला हवे होते. पण हा माणूस मुळात चौकस. रेडिओ बिघडला तर आधी उघडून बघणार आणि मग चिडणार. त्यांनी सूर्यभानला हाक मारली, फोटो दाखवला आणि विचारलं, "तू तिथं नेमकं करतोस तरी काय रे?"

सूर्यभाननं बांबू आणला आणि उजवा अंगठा त्या काचेच्या डोळ्यावर ठेवला. "ह्याला कुणाचाबी उजेड चालतो, मालक," तो म्हणाला. "नवरीच्या मामानं कॅमेरा उडवला तरी ह्ये चमकून मोकळं. मंग भरायला धा सेकंद. तवर तुमचा फोटो निघून जातो. म्हणून मी डोळा झाकून ठिवतो. तुमचा टाइम आला की उचलतो."

"माझा टाइम तुला कसा कळतो?"

"तुमी खालचा ओठ दाताखाली धरता. मंग बटन."

वैजनाथराव अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशापुढं गेले, रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला आणि दाबला. ओठ खरोखरच आत गेला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदाही केलं. पंधरा वर्षं आपल्या ओठाकडं एक माणूस डोळ्यात तेल घालून पाहत होता, आणि आपण त्याच्या अंगठ्याकडं एकदाही पाहिलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सूर्यभानचं तिकडं लक्ष नव्हतं. तो फोटो खिडकीशी नेऊन डावीकडून माणसं मोजत होता. अंबिकानं घरी सांगितलं होतं, बाबा, मी डावीकडून चौथी हाय. चौथ्या जागी एक काळा आकार होता आणि वेणीच्या रिबिनीचा एक पांढरा ठिपका. पोरीचा कारखान्यातला पहिला फोटो, आणि तो आपणच बाकावर बसून घालवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. पण तेवढ्यानं ते ओळखपत्र पुन्हा गळ्यात घालायला त्याचं मन होईना.

रविवारी सकाळी स्टुडिओच्या माडीवर संघटनेची बैठक भरली. विषय वैजनाथरावांनीच घालायला लावला होता : ओळखपत्रावरचा गुलाम हा शब्द बदलणे. सूर्यभान सभासद नव्हता. तो चहाच्या कपांचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता.

मग जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. सचिव अप्पाराव म्हणाले, शब्द जगभर चालतो, खोक्यावर छापलेला आहे, आपण कोण बदलणारे? उद्या कॅमेऱ्याला कॅमेरा म्हणायचं की नाही यावरही मोर्चा निघेल. एकानं सेवक सुचवला. दुसरा म्हणाला, सेवक आणि गुलाम यांत फरक काय, पगाराचा? कुणी अनुचर काढला. त्याचा अर्थ तिघांना सांगावा लागला. कुणाला धाकटा हवा होता, कुणाला जोडीदार. एक म्हातारे उस्ताद म्हणाले, "अरे भई, हमने कभी बुरे दिल से नहीं बोला." तेही खरंच होतं. उंटावरून शेळ्या हाकणं तासभर चाललं. दुसरा फ्लॅश आयुष्यात धरलेला त्यांच्यात एकही नव्हता.

अप्पारावांनी शेवटी वैतागून म्हटलं, नावाचं एवढं काय घेऊन बसायचं?

मुकुंदवाडी स्टेशनाजवळ छोटा स्टुडिओ असलेला लक्ष्मण तोवर गप्प होता. त्याचा भाऊ नामांतराच्या मोर्चात दोनदा तुरुंगात जाऊन आला होता. विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागून अजून महिनाही झाला नव्हता. लक्ष्मण म्हणाला, "सोळा वर्षं एका नावापायी मराठवाड्यात घरं जळाली, माणसं गेली. नावाचं काय एवढं, असं निदान या गावात तरी म्हणू नका, अप्पाराव."

वैजनाथराव दाराकडं वळले. म्हणाले, आपण सगळे बोललो, आता ज्याच्या गळ्यात ते कार्ड होतं त्याला विचारू.

सूर्यभाननं ट्रे खाली ठेवला. त्यानं दोन दिवस त्यावर विचार केला होता हे उघड होतं, कारण तो अडखळला नाही.

"आमचे वडील मेंढरं राखायचे. कळप निघाला की एक माणूस म्होरं ऱ्हातो, एक मागं. मागच्याला कुणी गुलाम म्हणत नाय. तो नसला तर लांडगा कोकरू कवा उचलतो ते म्होरच्याला कळतबी नाय. मशीनला काय नाव ठिवायचं ते तुमी ठिवा. माह्या कारडावर काय ल्ह्यायचं ते मला इचारा."

"बरं, काय लिहू?" अप्पारावांनी पेन उघडलं.

"मालकाच्या कारडावर हाय तेच."

आता मात्र काहींच्या नाकाला मिरची झोंबली. अप्पारावांनी विचारलं, यानं जन्मात एकदा तरी कॅमेऱ्याचं बटण दाबलंय का? मग हा छायाचित्रकार कसा? प्रश्न रास्त होता.

वैजनाथरावांनी शेजारच्या पाकिटातून कारखान्याचा तो फोटो काढला आणि अप्पारावांच्या पुढ्यात ठेवला. "हा मी एकट्यानं काढलाय," ते म्हणाले.

फोटो हातोहात फिरला. सगळेच धंद्यातले होते, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लक्ष्मणनं तो सर्वांत जास्त वेळ पाहिला. फोटो परत आला तेव्हा अप्पारावांनी कोरं ओळखपत्र ओढलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

फ्लॅशच्या नावाचा निकाल काही त्या दिवशी लागला नाही आणि पुढंही लागला नाही. लक्ष्मण नुसतं दुसरा फ्लॅश म्हणायचा. उस्ताद मरेपर्यंत गुलामच म्हणत राहिले. वैजनाथरावांच्या तोंडातही अधूनमधून तो शब्द यायचा, मग ते जीभ चावायचे. आता ओठाबरोबर हीही एक खोड सूर्यभानला माहीत झाली.

मे महिन्यात त्याच कारखान्यातून पुन्हा बोलावणं आलं. फाटकावर तोच वॉचमन होता. त्यानं सूर्यभानचं कार्ड पाहिलं, मनातल्या मनात वाचलं, वहीत उतरवलं आणि जा म्हणून मान हलवली. पहिल्या पाळीच्या पोरी मागंच उभ्या होत्या. आजही यानं मोठ्यानं वाचलं असतं तर काय बिघडलं असतं, असं सूर्यभानला वाटून गेलं.

काम आटोपल्यावर चहा प्यायला दोघं कामगारांच्या जेवणघरात गेले. समोरच्या भिंतीवर उद्घाटनाचा तो फोटो मोठ्या चौकटीत टांगलेला होता. साहेब चांगले आले होते, त्यामुळं कंपनीची काही तक्रार नव्हती. खाली अंबिका डबा खात बसली होती आणि तिच्या शेजारी नव्यानं लागलेल्या दोन पोरी मान उंचावून फोटो बघत होत्या. बाप मागं उभा आहे हे तिला दिसलं नव्हतं.

एकीनं तिला विचारलं, तू कुठंय ग यात?

अंबिका उठली. काळोख्या बाजूकडून मोजत तिनं चौथ्या जागी काचेवर बोट टेकवलं.

"इथं तर कुणीच दिसत नाय," ती पोर म्हणाली.

"मी हाय," अंबिका म्हणाली. "त्या दिवशी माझे बाबा आत आले नव्हते."

आणि ती पुन्हा डब्यापाशी बसून जेवायला लागली.