राक्षसाला दार उघडायचं नाही

जपानी शिकवणाऱ्या बाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. त्यांना वाचनालयाच्या तळघरातून सुटका मिळणार होती. तिथे पाण्याचा पंप घरघरायला लागला की बाईंचे उच्चार पोरांना ऐकू येत नसत, खळ वाळता वाळत नसे, आणि कपाटावर मांडलेले कागदाचे पक्षी ओलीनं माना टाकत. त्याबदली वरचा हॉल मिळायचा होता. खिडक्यांचा, लाकडी जमिनीचा, मागच्या जिन्यावर निघणारं स्वतःचं दार असलेला. शिवाय मान. तळघरात शिकवणारीला लोक 'ती कागदवाली' म्हणतात, हॉलमध्ये शिकवणारीला 'मॅडम'.

हॉल द्यायचा ग्रंथपालांनी, आणि ग्रंथपाल म्हणजे समितीकडे बोट दाखवून नामानिराळे राहणारे गृहस्थ. "बाई, समितीला काहीतरी दिसलं पाहिजे हो. पोरं कागद दुमडतात एवढ्यावर कोण हॉल देतं?"

'दाखवतेच,' बाई मनात म्हणाल्या, आणि त्यांनी सेत्सुबुन काढला.

थंडी सरून वसंत लागायच्या आदल्या दिवशीचा हा जपानी सण. घरातलंच कुणीतरी राक्षसाचा मुखवटा घालतं, पोरं त्याच्यावर भाजलेले सोयाबीन फेकतात, 'ओनी वा सोतो, फुकु वा उची', म्हणजे राक्षस बाहेर, सुख आत, असं ओरडत त्याला हाकलतात आणि तो परत घुसू नये म्हणून झटकन दार लावून घेतात. बाईंची रीत अशी, की सण हाती लागला की त्याला भाषा जुंपायची. दार आहेच, तर 'उघडणे' हे क्रियापद का वाया घालवा? म्हणून त्यांनी पदरचा एक खेळ जोडला. राक्षस बाहेरून विनवणार, "आकेते!", उघडा! पोरं आतून उत्तर देणार, "आकेमासेन!", उघडणार नाही! मग पोरं वसंताचं गाणं म्हणणार, आणि गाणं संपलं की बाई दार उघडणार.

"राक्षस महालबाड असतो," बाईंनी बजावलं. "रडेल, आजारी पडल्याचं सोंग करेल, आपल्या भाषेतसुद्धा बोलेल. फसायचं नाही."

"आणि दार ढकललं तर?" हे चिमणीनं विचारलं. आठ वर्षांची, वर्गात सगळ्यांत चुणचुणीत. अखंड चिवचिवाट, म्हणून चिमणी.

"तर सगळ्यांनी मिळून दाबून धरायचं. कडी लावायचं काम तुझं."

चिमणी त्या दिवशी घरी चालत नाही, उडत गेली.

राक्षस शोधायला बाईंना लांब जावं लागलं नाही. त्यांचे वडील उभी हयात नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसायचं आणि विसरणाऱ्यांना त्यांची वाक्यं कुजबुजून द्यायची. तोंडाला रंग कधी लागला नाही. उतारवयात भूमिका चालून आली म्हटल्यावर म्हातारा हरखला. सकाळ-संध्याकाळ गर्जना सुरू. शेजारीण दोनदा विचारून गेली, की बाबांना बरं नाही का?

"बाबा, जरा कमी," बाई म्हणायच्या. "अहो, समोर पोरं आहेत."

"कमीच करत आलो गं जन्मभर. कुजबुजण्यापेक्षा आणखी कमी काय असतं?"

"तरीपण. माझा हॉल अडकलाय तुमच्या गर्जनेत."

"मिळाला समज हॉल. तू फक्त मला दाराबाहेर जास्त वेळ दे. खरा प्रवेश तिथेच आहे माझा."

मुखवटा पोरांनी केला. जुन्या वर्तमानपत्राचे थरावर थर, वर लाल रंग, सुतळीचे केस. "तोंड मोठं कापा," बाई म्हणाल्या, "बाबांचा आवाज बाहेर यायला हवा." पोरांनी तोंड असं कापलं की मूठ आत जावी. भर कार्यक्रमात सुटायला नको म्हणून बाईंनी नाडीला मागून गाठीवर गाठ मारली.

कार्यक्रमापुरता मिळालेला वरचा हॉल त्या दिवशी गच्च भरला होता. पहिल्या रांगेत समिती, मागे आईबाप. बाबा घुसले ते असे, की दोन आयांनी पिशव्या छातीशी धरल्या. पोरं किंचाळली, मुठी सुटल्या, सोयाबीनचा मारा सुरू झाला. बाबा दारापर्यंत हटले, मान मागे टाकली, जबडा वासला आणि शेवटची गर्जना केली. ती मध्येच तुटली. बाबा छाती धरून धडपडत दाराबाहेर गेले. चिमणीनं झेप घेऊन कडी घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग दारावर थाप पडली. "आके..."

"आकेमासेन!"

थापा. शब्द नाही, नुसत्या थापा.

"आकेमासेन!" पोरं दाराला पाठी लावून उभी राहिली.

बाईंना वाटलं, अखेर ऐकलं माझं. बाबांनी आज आवरतं घेतलं. ना आरडाओरडा, ना रडारड. नुसता हात बोलतोय. डोळे भरून आले त्यांचे.

ग्रंथपाल बाईंजवळ सरकले. "बाई, हे कलावंत कुठले?"

"माझे वडील," बाई ताठ मानेनं म्हणाल्या.

"वा! काय ती धडपड! हॉल तुमचाच समजा."

थापा आता दाराच्या खालच्या फळीवर पडत होत्या. "खालून येतोय, खालून!" पोरं खिदळत फतकल मारून बसली आणि खालून दार दाबून धरलं. मग नखांनी खरवडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. "हरला!" चिमणी ओरडली, आणि पोरांनी गाणं सुरू केलं. सगळी कडवी म्हटली. बाई हातानं ताल देत होत्या.

गाणं संपलं. बाईंनी हसत कडी काढली. दार आत उघडायचं. ते आपणहून ढकललं गेलं आणि राक्षस आत पालथा कोसळला.

पोरं एक क्षण दचकली. पण राक्षस सोंग करतो, हे त्यांना पाठ होतं. उरलेल्या सोयाबीनची शेवटची मूठ त्यांनी त्याच्या पाठीवर रिकामी केली. "ओनी वा सोतो!"

बाई अजून हसतच होत्या. "बाबा, उठा, पुरे." हात लावला तर अंग नुसतं हललं. गाठीवरची गाठ सुटेना. त्यांनी मुखवटा टराटरा फाडला. आत लाल काहीच नव्हतं. चेहरा निळा पडला होता.

एक आई पेशानं नर्स होती. ती रांगा ओलांडत धावली. बाबांना उलटं केलं, पाठीत बुक्के मारले, घशात बोटं घातली. सोयाबीनचा दाणा बाहेर आला. श्वास परत आला नाही. ती बराच वेळ छाती दाबत राहिली.

पुढच्याच महिन्यात समितीनं हॉल दिला, एकमतानं. ग्रंथपाल किल्ली हातात ठेवून घाईघाईनं निघून गेले. बाईंना ती परत करायची होती. पण पोरांना एकदा तरी भेटायला हवं होतं, म्हणून त्यांनी वर्ग बोलावला. पोरं आली. मागच्या दाराकडे कुणी बघेना.

"ऐका," बाई म्हणाल्या. रात्रभर घोकलेलं त्यांनी एका दमात म्हटलं. "तुमच्यापैकी कुणाचीही चूक नाही. खेळ माझा होता. कडी मी लावली होती."

मग चिमणी उभी राहिली. बाईंनी प्रश्न विचारल्यावर उत्तराला उठावं तशी, हात पाठीमागे घेऊन.

"नाही बाई. कडी मी लावली. तुम्ही टाळ्या वाजवत होता."

तेवढं बोलून पोरगी खाली बसली आणि तिनं वही उघडली. वर्गात आलोय तर शिकायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

तर बेरीज अशी. हॉल बाईंना मिळाला. त्यासाठी जीव गेला बाबांचा. आणि उरलेलं सारं, जन्मभर फेडूनही न फिटणारं, त्या आठ वर्षांच्या पोरीच्या अंगावर आलं. तिनं तर जे सांगितलं होतं ते अगदी बिनचूक केलं होतं.