नखाची टिकटिक

घड्याळवाल्या काकांनी दुकान मुलाच्या हाती दिलं, तेव्हापासून ते आणि काकू दर शरदात टेकडीवर बसून दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजायचे. दुर्बीण काकांची, आकडा मोजायचा मुठीतला काउंटर काकूंचा. काका "गरुड" म्हणाले की काकूंनी बटण दाबायचं. टिक. संध्याकाळचा आकडा पक्षीमित्रांच्या वहीत जायचा.

यंदा मात्र रिकाम्या आभाळातही गरुड निघू लागले. काकांच्या डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगतात, हे काकूंनी पहिल्याच दिवशी ताडलं. पण सांगणार कोण? डॉक्टरचं नाव काढलं तरी काकांचा राग नाकावर. आणि वहीत खोटा आकडा लिहिणं काकूंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक हाकेला काकांच्या खांद्यावर हात टेकून त्या स्वतः वर बघायच्या. पक्षी दिसला तर बटण दाबायच्या, नाही दिसला तर काउंटरच्या कडेवर नखानं टिचकी मारायच्या.

शेवटच्या दिवशी सतरंजी झटकताना काका म्हणाले, "आज खरे एकोणचाळीस. नखाचे सहा."

काकू वरमल्या. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. अगं, जन्म गेला माझा टिकटिक ऐकण्यात."

"मग ठिपके आहेत हे ठाऊक असून उगाच कशाला ओरडत होतात? मान मोडली माझी वर बघून."

काकांनी दुर्बिणीची पुसलेली काच पुन्हा पुसली.

"गप्प बसलो असतो, तर खांद्यावर हात ठेवला असतास?"