माझ्या डोक्यावरचं कुरण

मी धोंडा बोलतोय. हसू नका. तुम्ही पायावर मारून घेता तो नव्हे. मी दुमजली घराएवढा आहे. आल्प्सच्या या अरुंद दरीत मी कड्यावरून कोसळलो आणि येताना गावाचं चांगलं कुरण गाडून टाकलं. गावच्या बायकांनी आधी कपाळाला हात लावला. मग पाठीवरच्या टोपल्यांतून माती आणून माझ्या डोक्यावर पसरली. "आमचं गवत खाल्लंस ना, आता तूच उगवून दे!" म्हणाल्या.

मी उगवून दिलं! कुणाला डोक्यावर चढवू नये म्हणतात. मी पिढ्यान्‌पिढ्या चढवत आलो आणि त्याचा मला गर्व आहे. चढायला माझ्या अंगात खाचा कोरल्या आहेत. पाठीला टेकून दगडी घर आहे, त्याचं छप्परसुद्धा दगडाचंच. तिथे ओलिम्पिया राहते, तिच्या शेळ्यांसकट.

दोन उन्हाळे तिच्या गुडघ्याने तिला वर येऊ दिलं नाही. तेवढ्यात वर भूर्जाचं रोप रुजलं आणि त्याची मुळं माझ्या भेगेत शिरली. मी फुटलो तर तिचं घरही जाणार. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

आज सकाळी तिचा भाचा एल्व्हेत्सिओ घाट उतरून आला. शहरातला गडी, हातात काठी, पायात जाडजूड बूट.

"आत्या, वर झाड आलंय की! छान दिसतंय."

"छान? घर फोडेल ते, मेल्या! वर जाऊन उपट. आणि गवतही काप."

"मूठभर गवतासाठी? शेळ्यांना विकतचं घाल ना."

"तुझा बाप याच गवताच्या दुधावर वाढला. तू विकतच्या दुधावर, म्हणून हा असा!"

बिचारा विळा घेऊन निघाला. बुटाचं नाक खाचेत शिरेना. घसरला तो थेट बुडावर आपटला. वाटेने चाललेली पर्यटकांची टोळी खिदळली. एकाने विचारलं, "धोंड्यावर कुरण? कुणा खुळ्याची करामत ही?"

एल्व्हेत्सिओचे कान लाल झाले. "खुळ्याची नाही. माझ्या पणजीची!"

"मग पणजीसारखा चढ," दारातून ओलिम्पिया ओरडली. "बूट काढ आधी! खाचा तिच्या बोटांच्या मापाच्या आहेत."

त्याने बूट काढले. बोटं खाचेत अशी बसली की मीच शहारलो. तो वर आला आणि दात-ओठ खात त्याने ते रोप मुळासकट उपटलं. मला दुखलं, पण ते सोडा. गवत मात्र त्याने उंदराने कुरतडल्यासारखं कापलं.

"शी! पुढच्या वर्षी शिकवते," ओलिम्पिया खालून म्हणाली आणि पदराआड हसावं तशी तोंड फिरवून हसली.

तेव्हा वाटसरूंनो, या दरीत आलात तर मला नुसता धोंडा म्हणू नका. वर यायचं असेल तर बूट खाली काढा. तिथे एक जोडी आधीच पडलेली दिसेल. तिचा मालक अजून माझ्या डोक्यावर पाय सोडून बसलाय, आणि आत्या जेवायला हाका मारतेय तरी उतरत नाही.