लेप वाळेपर्यंत

"डोळे मिटा, बाई. आणि तोंडही. लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, रागवायचंही नाही. सुरकुती पडली तर मी जबाबदार नाही."

खुर्चीतल्या मोठ्या बाईंनी निमूटपणे तोंड मिटलं आणि पार्लरवालीला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बडबडीपायी त्यांनी हिला इतक्यांदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, की वर्गातल्या भूगोलापेक्षा वर्गाबाहेरचाच हिला जास्त पाठ झाला होता. आज त्याच बाईंचं तोंड हिनं बंद केलं होतं. तेही पैसे घेऊन.

पण आजचा खरा आनंद वेगळाच होता आणि तो सांगायची सोय नव्हती.

पार्लरवालीला लॉटरी लागली होती. पहिलं बक्षीस! तसा ईमेलच आला होता. जगातल्या लाखो पत्त्यांतून संगणकानं नेमका तिचा पत्ता उचलला होता. रकमेतली शून्यं मोजताना तिचं दोनदा चुकलं आणि दोन्ही वेळा आलेलं उत्तर सात पिढ्यांना पुरेसं होतं. आता फक्त कागदपत्रांची फी भरायची, स्वतःचा एक छानसा फोटो पाठवायचा आणि कुणालाही, अगदी नवऱ्यालाही, काही बोलायचं नाही. गुप्तता मोडली की बक्षीस रद्द. फी तिनं सकाळीच भरली. केस धुवायची खुर्ची घ्यायला साठवलेले पैसे होते ते. पण आता खुर्चीच काय, खुर्च्यांचा कारखाना घेता आला असता. फोटोही गेला. राहिली गुप्तता, आणि तीच जिवावर आली होती.

कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. नवरा तिला लाडानं भोंगा म्हणायचा. रागावला तरी भोंगाच म्हणायचा, फक्त लाड वजा करून. गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं होतं. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं तर नवरीच्या आधी पार्लरमधल्या बाकाला कळायचं. अशी बाई आज सकाळपासून गप्प होती. दोघीतिघींनी तब्येत विचारली. एकीनं तर हळूच, "घरी सगळे आहेत ना गं?" असंही विचारून घेतलं.

खरं तर मोठ्या बाईसुद्धा आज चमत्कारिकच वागत होत्या. केसांची टोकं कापण्यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. आज मात्र "सगळं कर" म्हणतच आत आल्या.

"लग्न आहे का कुणाचं?"

"फोटो काढायचाय."

"कशाला?"

"ते सांगता येत नाही," बाई म्हणाल्या होत्या आणि मांडीवरची फुगलेली पर्स त्यांनी घट्ट धरली होती. "आणि लवकर आटप. बँक बंद व्हायच्या आत पोचायचंय मला."

आता लेप लागला होता आणि आरशाखालच्या फळीवर ठेवलेला बाईंचा फोन उजळला. दुसऱ्याचा फोन उचलून वाचू नये, हे पार्लरवालीला ठाऊक होतं. म्हणून तिनं तो उचलला नाही, नुसती वाकली. 'प्रिय भाग्यवान विजेते, शेवटचे काही तास! पहिल्या बक्षिसाची फी आजच...' खाली तीच कंपनी. तिच्या ईमेलवर होता तोच सोनेरी मुकुट.

तिच्या काळजात चर्र झालं, पण भलत्याच कारणानं. पहिलं बक्षीस एकच असतं, आणि ते तर आपल्याला लागलंय. मग बाईंचं कुठलं? उत्तर सरळ होतं. खऱ्या कंपनीच्या नावावर कुणीतरी भामटा बाईंना गंडवत होता. आपलं ते सोनं आणि दुसऱ्याचं ते पितळ, हा निकाल माणूस लवकरच लावतो. तिनं उभ्या उभ्या लावला.

पण बोलायचं कसं? बोललं तर गुप्तता मोडून आपलं बक्षीस जाणार, न बोललं तर पर्समधली बाईंची पुंजी जाणार. कंगवा हातात धरून ती क्षणभर घुटमळली. मग तिला अटीत एक फट दिसली. आपल्या बक्षिसाबद्दल बोलायला मनाई होती. बाईंच्या बक्षिसाबद्दल कुठं होती?

"बाई, तुम्हाला लॉटरी लागलीय ना?"

बाईंचे डोळे खाडकन उघडले.

"हं हं, हलू नका! तडा जाईल. डोळ्यांनीच सांगा. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही."

बाईंनी बराच विचार करून एकदा मिटले.

"तिकीट काढलं होतं?"

दोनदा.

"मग न काढलेल्या तिकिटाला बक्षीस कसं लागेल हो? पेरलंच नाही तर उगवणार काय, कपाळ?"

वाक्य झोकात पडलं. तिचं तिलाच आवडलं. मग तिच्या लक्षात आलं, की तिकीट तर तिनंही काढलं नव्हतं. असेल, आपलं संगणकानं काढलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि पुढं निघाली.

"वर पैसेही तुमच्याकडेच मागतायत?"

एकदा.

"जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला कुणी म्हणतं का, येताना शिधा घेऊन या? एवढी फी हवी तर बक्षिसातून कापून घ्या म्हणावं!"

हे तिला आत्ता, बोलता बोलता सुचलं. सकाळी का नाही सुचलं, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आला आणि दारातच ठिय्या देऊन बसला.

"तुम्हाला नावानं लिहिलंय? का नुसतं 'प्रिय विजेते'?" तिनं स्वतःच उत्तर दिलं. "म्हणजे लाखोंतून नेमकं निवडलं, पण नाव काही माहीत नाही." तिचा आवाज जरा उतरला. "आणि कंपनी म्हणे एवढी मोठी. तिचा ईमेलचा पत्ता कंपनीच्या नावाचा आहे, का कुणीही फुकटात काढतो तसला? बघितलात?"

बाईंनी बघितला नव्हता. पार्लरवालीनं बघितला होता. तिला वाटलं होतं, माणसं साधी दिसताहेत.

"आणि ही घाई. आजच भरा, आत्ताच भरा. आणि वर कुणाला सांगू नका."

इथं ती थांबली. बोलता बोलता थांबणं तिला जन्मात जमलं नव्हतं. आज आपोआप जमलं.

"बाई, चांगली बातमी कुणी लपवायला सांगतं का हो? मूल झालं तर माणूस दारोदार सांगत सुटतो. गुपचूप असते ती चोरी." ती आता बाईंकडे नव्हे, आरशात बघत होती. "कुणाला सांगितलं असतं ना, तर ते म्हणालं असतं, वेडी का खुळी तू? तेवढं कुणी म्हणू नये, म्हणून ती अट."

बाईंच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लेपाला एक लांबलचक तडा गेला.

"धू," बाई म्हणाल्या.

लेपाखालचा चेहरा लालबुंद निघाला. बराच वेळ त्या टॉवेलनं हनुवटीच पुसत राहिल्या.

"भरल्या वर्गात कोण कॉपी करतंय, ते मी नुसता चेहरा बघून ओळखायचे."

"इथं चेहराच नव्हता ना, बाई."

"तुला कसं कळलं गं हे सगळं?"

"इथं बसून काय काय कानावर पडतं."

"हुशार आहेस. उगीच बाहेर उभी करायचे तुला."

हे वाक्य ऐकायला तिनं एरवी एखादी लॉटरीसुद्धा सोडली असती. आज तिनं नुसता कंगवा धुतला. मग पुन्हा धुतला.

मोठ्या बाई तोवर बाकावरच्या दोघींसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. एक शिवणकाम करणाऱ्या काकू आणि दुसरी कॉलेजातली मुलगी, जी स्वतःच ड्रायर घेऊन ओले केस वाळवत बसली होती.

"ऐका गं! मी आत्ता बँकेत जाऊन स्वतःच्या हातानं स्वतःला लुटून घेणार होते. हिनं वाचवलं. सांगा सगळ्यांना, माझं नाव घेऊन सांगा. लाज वाटायचीच तर त्या चोरांना वाटू दे."

एकच गलका उडाला. बाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, मुकुटासकट. काकूंनी टाळ्या पिटल्या. "भोंगा एकदाचा सत्कारणी लागला म्हणायचा! ताई, तुमचा फोटो लावा आता दारावर."

"पण काकू, ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांचं काय?" मुलगी ड्रायरवर आवाज चढवून म्हणाली. "लगेच बँकेला कळवलं तर कधी कधी अडवता येतात म्हणे. पण लोक कळवतच नाहीत. लाजतात."

"मूर्खपणा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आलेच मी," पार्लरवाली म्हणाली आणि पडद्यामागं गेली.

तिथं बादली, तांब्या आणि ओल्या टॉवेलांचा ढीग होता. भिंतीकडे तोंड करून तिनं बँकेचा नंबर लावला.

"हॅलो. ते... पैसे गेलेत. लॉटरीचा ईमेल होता..."

"मोठ्यानं बोला ताई, ऐकू येत नाही."

असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

"लॉटरीच्या नावाखाली फसवलंय," ती आवाज जरासा वाढवून म्हणाली.

"कुणाला फसवलंय? पैसे कुणाच्या खात्यातून गेलेत?"

"एका ओळखीच्या..." म्हणता म्हणता ती अडली. पडद्यापलीकडे तिघी एकदम बोलत होत्या. ड्रायर घोंघावत होता. मोठ्या बाई, शाळेत कधी हसल्या नव्हत्या तशा, खळखळून हसत होत्या. तिचं नाव पुन्हा पुन्हा कानावर येत होतं.

तिनं छाती भरून श्वास घेतला.

"माझ्या," ती म्हणाली. "माझ्या खात्यातून गेलेत. आज सकाळी. मीच पाठवले."

आवाज तिचा नेहमीचाच होता.

पलीकडचं हसणं थांबलं. मग कुणीतरी ड्रायरही बंद केला.